भाजे लेणीच्या पायथ्याचा रस्ता आणि चालकाची झोप

मावळातल्या भाजे गावाच्या वर डोंगरात बावीस लेणी आहेत. त्यांतली सर्वात जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली असावीत, असे अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या क्रमांकाच्या विहारात दाराच्या एका बाजूला चार घोड्यांच्या रथाचे शिल्प आहे. रथाच्या खाली विरूप देहांचे राक्षस चिरडले जात आहेत. या शिल्पावर अभ्यासकांत बरीच चर्चा झाली. काहींच्या मते रथात सूर्यदेव आहे, तर काहींच्या मते तो बौद्ध कथांमधला मांधाता राजा. वाद रथात बसलेल्याविषयी झाला. रथ हाकणे हेही एक काम असते, ते करणारा दमतो, हा विषय त्या चर्चेत येण्याचे कारण नव्हते.

लेण्यांतून खाली पाहिले की इंद्रायणीच्या खोऱ्यात मळवली स्थानकाजवळून जाणारा लोहमार्ग दिसतो आणि त्याच्या शेजारून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. एकाच डोंगराच्या पायथ्याने आणि पुढे एकाच बोरघाटाने या दोन्ही वाटा कोकणात उतरतात. दोन्हींवर माणसेच वाहने चालवतात. पण लोहमार्गावरच्या चालकाचा थकवा दीडशे वर्षांत हळूहळू नियमांत आला, आणि रस्त्यावरच्या चालकाचा थकवा आजही त्याचा वैयक्तिक दोष समजला जातो. हा फरक का पडला, हे समजून घेण्यासाठी या घाटाचा इतिहास पाहावा लागतो.

पाण्याची पोढी आणि सराय

कल्याण, सोपारा ही प्राचीन बंदरे. तिथला माल घाट चढून जुन्नर, पैठण, तेरकडे जात असे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी याच व्यापारी वाटांच्या आसपास आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लेणी आणि व्यापारी मार्ग यांचा हा संबंध आग्रहाने मांडला. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे आणि त्याच गावचा सामी नावाचा सुतारही आहे. भाज्याला महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याचा लेख आहे. वाटेवरच्या माणसासाठी पाणी आणि सावली ठेवणे हे त्या काळी पुण्याचे काम होते.

पुढच्या काळातही ही समज टिकली. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने आपल्या राज्यातल्या मोठ्या रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराय बांधल्याचे अब्बास खान सरवानी या इतिहासकाराने नोंदवले आहे. हिंदू आणि मुसलमान प्रवाशांची वेगवेगळी सोय, पाणी, खाट, जनावरांना चारा अशी व्यवस्था तिथे असे. दख्खनमध्येही सराया उभ्या राहिल्या. वक्फच्या मिळकतीतून मुसाफिरखाने चालवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. हाजींसाठी बांधलेला मुंबईचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हे तिचे ओळखीचे उदाहरण.

या सोयींमागे एक व्यवहारी हिशेब होता. बैल आणि घोडे ठरावीक अंतरापलीकडे चालत नाहीत. जनावर थांबले की माणसालाही थांबावे लागे. गाडीवानाला विश्रांती मिळत होती ती बैलामुळे. इंजिन आले आणि हा आधार गेला, कारण इंजिन थकत नाही.

घाट फोडला गेला

पेशवाईच्या अखेरीपर्यंत बोरघाट ही मुख्यतः लमाणांच्या बैलांची आणि पायी चालणाऱ्यांची वाट होती. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात गाडीरस्ता तयार झाला आणि १८३० मध्ये तो खुला झाला. त्यानंतर रेल्वे आली. घाटातल्या लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पूर्ण झाले. काम ऐन भरात असताना, १८६१ च्या सुमारास, बेचाळीस हजारांवर मजूर इथे राबत होते. पंचवीस बोगदे खोदले गेले. कॉलऱ्याने आणि अपघातांनी किती माणसे गेली याची पूर्ण यादी कोणी ठेवली नाही. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी सोलोमन ट्रेडवेल हा नवा ठेकेदार इथे आल्यावर काही आठवड्यांत वारला आणि त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेल हिने, ठेका पुढे चालवला. ठेकेदाराचे नाव इतिहासात आहे. मजूर आकड्यांत आहेत.

जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटातून वाट शोधणाऱ्या इंग्रज अभियंत्यांना शिंगरोबा नावाच्या धनगराने वाट दाखवली, बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घातली गेली, अशी आख्यायिका आहे. तिला कागदोपत्री पुरावा नसेल, पण या रस्त्यावरचे ड्रायव्हर पिढ्यान्‌पिढ्या तिथे नाणे टाकून पुढे जात आले आहेत. त्यांच्यात सर्व धर्मांचे लोक आहेत. घाटात धोका सर्वांना सारखाच असतो.

लोहमार्गावर थकव्याची नोंद कशी झाली

रेल्वेने या घाटात एक गोष्ट पहिल्यापासून गृहीत धरली. ब्रेक निकामी होऊ शकतो आणि माणूस चुकू शकतो. म्हणून उतारावर कॅच सायडिंग बांधल्या गेल्या. गाडी ताब्यात राहिली नाही तर ती मुख्य मार्ग सोडून चढावाच्या आडमार्गावर शिरते आणि थांबते. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी या ठिकाणी उतरणाऱ्या गाडीला थांबून ब्रेक ताब्यात असल्याची खात्री द्यावी लागते. गाडीचा चालक हुशार आहे की नाही यावर ही व्यवस्था अवलंबून नाही. उत्तम चालकाकडूनही चूक होईल हे मान्य करूनच ती केली आहे.

यंत्राच्या बाबतीत हे शहाणपण कंपनीने दाखवले. माणसाच्या बाबतीत मात्र तिला ते शिकवावे लागले. मे १८९९ मध्ये याच जीआयपी रेल्वेच्या सिग्नलरांनी पगार आणि कामाच्या तासांसाठी संप केला. लोकमान्य टिळकांनी त्यांची बाजू घेतली. १९३० मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती होऊन कामाच्या तासांवर पहिल्यांदा कायदेशीर मर्यादा आली. त्याच वर्षी जीआयपीवर मोठा संप झाला. १९४७ मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्याने कामांचे वर्गीकरण केले आणि ज्या कामात सतत लक्ष द्यावे लागते त्याचे तास कमी ठरवले. हा विचार फार महत्त्वाचा होता. अंगमेहनत दिसते, पण लक्ष ठेवण्याचे कष्ट दिसत नाहीत. राजाध्यक्षांनी त्या कष्टाचीही किंमत धरली.

पुढे १९७३ मध्ये इंजिन चालकांनी मोठे आंदोलन केले. ड्यूटी दहा तासांची असावी, हे सरकारला मान्य करावे लागले. मे १९७४ मधला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा वीस दिवसांचा देशव्यापी संप सर्वांना माहीत आहे. आजही लोको पायलट तासांबद्दल आणि सुट्यांबद्दल तक्रार करतात, आणि ती खोटी नाही. पण तक्रार करायला त्यांच्याकडे नियम आहे, ड्यूटीवर आल्याची आणि सुटल्याची नोंद आहे, झोपायला रनिंग रूम आहे. नियम मोडला गेला हे ते दाखवू शकतात. ट्रकचालकाला हे दाखवता येत नाही.

रस्त्यावरचा कायदा

रस्त्यासाठी कायदा नाही असे कोणी समजू नये. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. लांब पल्ल्यासाठी दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्नपर्यंत सूट. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. कागदावर तो वाईट नव्हता.

अडचण त्याच्या कक्षेत होती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच तो मुळात लागू होता. आपल्याकडचे कितीतरी ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे असतात. शेठ, त्याचा भाऊ आणि दोन ड्रायव्हर यांच्यावर हा कायदा कधी उतरलाच नाही. दुसरी गोष्ट अधिक बारकाईची आहे. नुसते थांबून राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामाच्या तासांत धरावा, अशी त्यात व्याख्या होती. चाकण-तळेगावच्या कारखान्यांतून न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदराकडे कंटेनर नेणाऱ्या चालकाला विचारा, रांगेत किती तास जातात. त्या तासांत त्याला गाडी सोडता येत नाही आणि धड झोपताही येत नाही. रांग दोन गाड्या पुढे सरकली की त्यालाही सरकावे लागते. हिशेबात मात्र तो रिकामा बसलेला असतो. बंदराच्या फाटकातून बाहेर पडला की त्याचे 'काम' सुरू होते, आणि तेव्हा तो आधीच दमलेला असतो.

पैसे खेपेवर मिळतात. जितक्या खेपा तितकी कमाई. डिझेलही बऱ्याच ठिकाणी खेपेला मोजून दिले जाते आणि वाचले ते चालकाचे. मग बोरघाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करण्याचा मोह होतो. गियरमध्ये गाडी उतरली तर इंजिन तिला मागे ओढून धरते. न्यूट्रल केली की तो आधार जातो आणि सगळे वजन ब्रेकवर येते. ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात, आणि मग पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखा होतो. अशा अपघाताची बातमी 'चालकाचा ताबा सुटला' या तीन शब्दांत संपते. ताबा सुटण्याआधी डिझेलचा हिशेब, खेपेची घाई आणि अपुरी झोप हे सगळे घडून गेलेले असते. लोहमार्गावर उतारापूर्वी गाडी थांबवून ब्रेक तपासला जातो. शेजारच्या रस्त्यावर पंचवीस-तीस टन घेऊन उतरणाऱ्या माणसाला, तू शेवटचा कधी झोपलास, असे विचारणारे कोणी नाही.

२०१८ हे वर्ष

या इतिहासात २०१८ या वर्षाची नोंद ठळक व्हायला हवी. जुलैमध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांची अधिकृत भारमर्यादा वाढवली. नोव्हेंबरमध्ये नियम बदलून राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन चालक असण्याची अट काढून टाकली. वाहनात माग काढणारे यंत्र आणि फास्टॅग मात्र आवश्यक केले. म्हणजे त्या एका वर्षात गाडीवरचा भार वाढला, गाडीतला एक माणूस कमी झाला आणि उरलेल्या माणसावर लक्ष ठेवणारे यंत्र आले. दोन चालकांची अट पूर्वीही सगळीकडे पाळली जात नव्हती, हे खरे. पण नियम मोडणे वेगळे आणि नियमच नसणे वेगळे. पहिल्यात निदान चालकाला म्हणता येते, शेठ, दुसरा माणूस द्या.

दुसरा माणूस म्हणजे नुसती विश्रांती नव्हे. ट्रकच्या धंद्यात तो शिक्षणाचाही मार्ग होता. किन्नर म्हणून गाडीवर चढलेला पोरगा काचा पुसत, चाके तपासत, उस्तादाला चहा आणून देत शिकायचा. घाटात कुठे कोणता गियर, पावसात कुठे माती येते, कोणत्या ढाब्यावर गाडी सुरक्षित, हे सारे उस्तादाकडून मिळायचे. या नात्यात शिव्या होत्या, मारही होता, त्याचे गोडवे गाण्याची गरज नाही. पण त्याच्यामुळे या कामाला मान होता. चालकांना विचारले तर ते आजही सांगतात की गाडी चालवण्याचा त्यांना कंटाळा नाही. वरिष्ठ डोक्यावर उभा नसतो, नवनवा मुलूख दिसतो, अवघड वळणावर लांब ट्रेलर एका दमात फिरवला की स्वतःलाच बरे वाटते. समाधान कामात आहे. ते हिरावून घेतले जाते कामाभोवतीच्या गोष्टींनी. अर्ध्या तासाला 'कुठे पोहोचलास' असा फोन येतो, चलनाचा दंड पगारातून कापला जातो, आंघोळीला जागा मिळत नाही, आणि वळणावर कुठे गाडी लावून डोळा लागलाच तर डिझेल चोरीला जाण्याची भीती असते.

द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. वेग, लेन, सीटबेल्ट सगळे टिपले जाते. वेगाला आळा बसलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. या मार्गावर माणसे मरतात. जून २०२३ मध्ये खंडाळ्याजवळ रसायनाचा टँकर उलटून पेटला आणि चौघांचा जीव गेला. पण चालक किती तास जागा आहे हे तो कॅमेरा सांगू शकत नाही.

संप आणि सजा

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रक थांबले. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंवर टँकर उभे राहिले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. कारण होते भारतीय न्याय संहितेतले कलम १०६(२). बेदरकार वाहन चालवून मृत्यूस कारण होणारा आणि पोलिसांना न कळवता पळून जाणारा चालक दहा वर्षांपर्यंत तुरुंगात जाऊ शकतो. जुन्या कायद्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा दोन वर्षे होती. चालकांचे म्हणणे होते की जमावाच्या मारापासून वाचण्यासाठी पळावे लागते. सरकारने चर्चेचे आश्वासन दिले आणि जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम तूर्त बाजूला ठेवले.

जखमीला रस्त्यावर टाकून पळणे चूकच आहे. ज्याचा माणूस गेला त्याच्या दुःखापुढे चालकाची कारणे मोठी होत नाहीत. तरीही कायद्याचा सगळा जोर अपघात झाल्यानंतरच्या माणसावर आहे, आधीच्या अठरा तासांवर नाही, हे विसरता येत नाही. त्या अठरा तासांत शेठ, कारखान्याचा माल पाठवणारा विभाग आणि वेळेत माल हवा असणारे आपण सगळेच हजर असतो. खटल्यात उभा राहतो तो एकटा चालक.

एसटीचे उदाहरण इथे उपयोगी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली. एसटीच्या चालकाला वेळापत्रक आहे, आगारात विश्रांतीची जागा आहे, ती कशीही असली तरी आहे, आणि संघटना आहेत. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा लांबलेला संप ते करू शकले तो त्यामुळेच. म्हणजे रस्त्यावरच्या कामाला नियम लावता येत नाहीत, असे नाही. जिथे कामगार मोजले गेले आणि एकत्र आले, तिथे नियम आले.

आपला प्रश्न

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवले की मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या व्यवसायांत जास्त आहे त्यांत रस्ता वाहतूक आणि वाहनदुरुस्ती येतात. आपल्या वस्त्यांमध्ये हे सांगायला अहवालाची गरज नाही. टेम्पो, रिक्षा, ट्रक, ट्रॅव्हल्स, कंपनीची कॅब यांपैकी काही ना काही दर दोन-चार घरांमागे असते. शाळेत पालकाचा व्यवसाय विचारला की 'अब्बा गाडीवर आहेत' हे उत्तर ऐकू येते. त्या मुलांपैकी बऱ्याच जणांना वडील भेटतात ते झोपलेले.

आपल्या दीनमध्ये मुसाफिराला सवलत आहे. प्रवासात चार रकातींची नमाज दोन होते. रोजा पुढे कधीतरी पूर्ण करता येतो. प्रवासाने माणूस थकतो, त्याच्यावरचा भार हलका करावा, हे तत्त्व इबादतीलाही लागू केले आहे. ज्याची इबादत खुदाने कमी केली, त्याची खेप मालक कमी करत नाही. मालक मुसलमान असला तरी नाही. मजुरी वेळेवर देण्याबद्दलची पैगंबरांची ताकीद आपण वाझमध्ये ऐकतो, आणि खेपेचे पैसे अडकवून ठेवणारा शेठ त्याच सफेत बसलेला असतो.

सरकारकडे मागण्या आहेतच. पाचची अट न लावता प्रत्येक चालकाला तासांची मर्यादा, लांब पल्ल्याला दुसरा चालक, घाटाच्या माथ्यावर ब्रेक तपासणी आणि ट्रक उभे करून झोपता येईल अशी सुरक्षित जागा. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन बंधनकारक झाले, ही चांगली सुरुवात आहे. पण काही गोष्टींसाठी सरकारची वाट पाहावी लागत नाही. महामार्गालगतच्या मशिदींत वजूखाना असतो, पाणी असते, पंखा असतो. जोहर आणि असरच्या मध्ये एक दालन चालकांसाठी उघडे ठेवले, जातधर्म न विचारता, तर सरायची जुनी परंपरा एका चटईवर पुन्हा सुरू होईल.

दुसरी गोष्ट आपल्या लग्नांची. वऱ्हाडाची बस रात्रभर चालवून ड्रायव्हर पहाटे पोहोचतो. वऱ्हाडी खोल्यांत झोपतात, वलीमा होतो, आणि संध्याकाळी तोच ड्रायव्हर परत निघतो. मधल्या वेळात तो सीटवर पाय दुमडून पडलेला असतो, कोणीतरी त्याला पत्रावळीवर बिर्याणी नेऊन देतो. गाडी ठरवताना आपण भाडे विचारतो, एसी विचारतो, टोल कोणाकडे ते विचारतो. यापुढे आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. चालक आदल्या रात्री झोपलेला असेल का? आणि आमच्याकडे पोहोचल्यावर त्याला कोणती खोली द्यायची? परतीच्या वाटेवर बोरघाट उतरायचा असतो, आणि मागे आपली मुले झोपलेली असतात.